एक पोट, दोन घड्याळं

स्पॅनिशमध्ये ग्रानादा म्हणजे डाळिंब. शहराच्या चिन्हात डाळिंब, रस्त्याकडेच्या लोखंडी खुंटांवर डाळिंब. सोलून, दाणे काढून वाटीत देणारं कुणी असलं तर डाळिंबासारखं फळ नाही. एकट्याने खायचं तर आधी नखं रंगतात, मग शर्ट. दक्षिण स्पेनमधलं हे शहर एकट्या प्रवाशाला अगदी तसंच पडतं.

अडचण घड्याळाची आहे. ग्रानादात दोन घड्याळं चालतात. एक टेकडीवरच्या आलाम्ब्राचं, म्हणजे सुलतानांच्या जुन्या किल्ल्या-महालांचं. ते आपल्याला मिनिटाचीही सूट देत नाही. दुसरं हॉटेलांच्या स्वयंपाकघरांचं. ते स्वतःला हवी तेवढी सूट देतं. दोघं असली की एक रांगेत उभं राहतं आणि दुसरं पाव शोधायला जातं. एकट्याकडे पोट एक, पाय दोन आणि बॅग धरायला कुणी नाही.

बॅगेवरून आठवलं: चाकांची आणू नका. आल्बाइसीन या जुन्या अरबी वस्तीत नदीतले काळे-पांढरे गोटे उभे रोवून गल्ल्या सजवल्या आहेत. फोटोत ती रांगोळी दिसते, चाकाखाली तिचा खलबत्ता होतो. चढाला तिथे ‘कुएस्ता’ म्हणतात, आणि ‘किंमत पडते’ यालाही ‘कुएस्ता’च. राहायच्या जागेच्या पत्त्यात हा शब्द दिसला की दोन्ही अर्थ एकदम घ्यावेत. बऱ्याच गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही. प्लासा नुएवा या खालच्या चौकाच्या आसपास सपाटीला खोली घ्यावी आणि वर सी३१ या छोट्या बसने फिरायला जावं, हे माझं स्पष्ट मत.

आता आलाम्ब्रा. तिकीट हंगामात कित्येक दिवस आधी संपतं. त्यावर नाव असतं आणि दारात पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणजे ऐन वेळी भाच्याच्या तिकिटावर काका घुसला असं होत नाही. सगळे फसतात ते वेळेला. तिकिटावर छापलेली वेळ आलाम्ब्राच्या फाटकाची नसते, आतल्या नासरी महालांची, म्हणजे नासरी घराण्याच्या सुलतानांच्या महालांची असते. दहाची वेळ म्हणून माणूस पावणेदहाला वरच्या तिकीटघराशी ऐटीत पोहोचतो, आणि महाल तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत! तिकीट मोबाइलवर असेल तर तिकीटघरापर्यंत जायचं कारणच नाही. प्लासा नुएवातून कुएस्ता दे गोमेरेस चढायचा, डाळिंबांच्या दरवाज्यातून झाडीत शिरायचं आणि न्यायाच्या दरवाज्याने आत यायचं. चढाला पंचवीस मिनिटं धरा, धापेची पाच वेगळी. हेनेरालिफेच्या बागा दुसऱ्या टोकाला आहेत, त्या नंतर. (स्पेलिंग Generalife; इंग्रजीसारखं वाचलं तर ही विमा कंपनी वाटते. ही सुलतानांची हवा खायची जागा.)

महालांत अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्या सोडतात. आपला अर्धा तास गेला की गेला. तिथे विनवणी चालत नाही; न्यायाचा दरवाजा मागेच राहिलेला असतो. आत गेल्यावर मात्र कितीही रेंगाळा, कुणी हाकलत नाही. फक्त एकदा बाहेर पडलं की परत शिरता येत नाही, म्हणून पाणी, बाथरूम आणि उरलेली धाप हे सगळं आधी उरकावं. पाठीवरची बॅग पोटावर घ्यावी लागते. सिंहांच्या चौकात बारा सिंह आणि १२४ खांब आहेत. ट्रायपॉड चालत नाही, त्यामुळे फोटोसाठी परक्या माणसाला विनवावं लागतं. तो माणूस खांब सगळे घेतो आणि आपलं अर्धं डोकं.

शेजारी पाचव्या चार्ल्सचा महाल फुकट बघता येतो. बाहेरून चौकोन, आत गोल अंगण. काम १५२७ साली सुरू झालं, छप्पर विसाव्या शतकात पडलं. आपल्याकडच्या उड्डाणपुलांविषयी मन थोडं मऊ होतं.

वेळ निवडताना मात्र सूर्यप्रकाश, गर्दी, फोटो हे सगळं बाजूला ठेवून पोटाकडे बघावं. समजा दुपारी दोनची वेळ घेतली. महाल, किल्ला, बागा धरून तीन तास लागतातच. पाच वाजता खाली उतरलात की स्वयंपाकघरं चारलाच बंद झालेली, ती उघडणार साडेआठला. मधल्या वेळात कॉफी मिळते, सहानुभूती मिळते, जेवण मिळत नाही. म्हणून सकाळची वेळ घ्यावी आणि दोनला जेवायला बसावं.

यात त्यांचाही दोष नाही. स्पेनने १९४० साली घड्याळं एक तास पुढे करून बर्लिनशी जुळवली आणि ती तशीच राहिली. ग्रानादा तर ग्रीनिचच्याही पश्चिमेला. जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनला आणि मावळतो पावणेदहाच्या सुमारास. म्हणजे स्पॅनिश माणूस बारालाच जेवतो, घड्याळ खोटं बोलतं. हे पटतं, पण भूक भागत नाही. तोपर्यंतचा आधार म्हणजे सकाळची ‘तोस्तादा’: भाजलेला पाव, ऑलिव्ह तेल, किसलेला टोमॅटो. ‘मेदिया’ म्हणजे अर्धी, ‘एन्तेरा’ म्हणजे पूर्ण. इथे अर्धं मागण्यात भूषण मानू नये.

रात्री ग्रानादाचं खरं औदार्य दिसतं. पेय मागवलं की सोबत खाण्याची बशी, म्हणजे तापा, फुकट येते, आणि पेय बिनदारूचं असलं तरी येते. एकट्याला हे वरदान, कारण मेनूत पायेया या भाताच्या पदार्थाखाली बहुधा ‘किमान दोघांसाठी’ असं लिहिलेलं असतं. टेबल धरू नका, बारच्या फळीशी उभे राहा. छोट्या बिअरला म्हणतात ‘कान्या’. कान्या म्हणजे ऊससुद्धा, पण रसवंतीच्या आशेने मागवू नये; फेस असतो, आलं-लिंबू नसतं. प्रत्येक फेरीला बशी बदलते, आणि बशीत काय यायचं ते बहुतेक ठिकाणी मालक ठरवतो.

शाकाहाऱ्याची गोची इथेच. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाविना, असं सांगितलं की वाढणारा प्रेमाने मान डोलावतो आणि हामोन आणतो. डुकराची ती खारवलेली मांडी त्याच्या लेखी मांस नसून मसाला आहे. साल्मोरेहो या थंड टोमॅटो सारावरही तिचाच चुरा भुरभुरतात. ट्यूनाला तर म्हणतात ‘आतून’. सॅलडची पानं उचलली की आतून आतून निघतो. म्हणून पूर्ण यादी म्हणावी: नी कार्ने, नी हामोन, नी पोयो (कोंबडी), नी पेस्कादो (मासे), नी आतून. उच्चारांची काळजी नको. आंदालुसियात, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण प्रांतात, शेवटचे ‘स’ ते स्वतःच गिळतात.

आणि मग ‘बेरेन्हेनास कोन म्येल’ मागवावं. तळलेल्या वांग्याच्या काचऱ्या, वर ‘म्येल दे कान्या’. भाषांतर मधाचं असलं तरी बाटलीत चक्क काकवी असते. ऊस ग्रानादाच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर अरबांनी आणला, आणि साखरेला स्पॅनिशमध्ये आसुकार म्हणतात, ती आपलीच शर्करा अरबीतून फिरून आलेली. पूर्ण ताट एकट्याला जड जातं, ‘मेदिया रासिओन’, म्हणजे अर्धं ताट, सांगावं. सोबतीला कान्या लागतेच. ती आली की न मागता तिच्याबरोबर बशी येते. वरून कोशिंबीर दिसते. चमचा घालण्याआधी आतून बघून घ्यावं.