राज्यव्यवस्था बदलली, पण खेळाडूच्या हातून काय गेले?

ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेममध्ये राजेशाही सोडून प्रजासत्ताक स्वीकारण्याची वेळ येते, तेव्हा बहुतेक खेळाडू फक्त उत्पन्न किती वाढेल आणि सैन्याचा खर्च किती पडेल एवढेच पाहतात. यात दोष खेळाडूंचा नाही, कारण बऱ्याच गेमनी हा प्रश्न तसाच मांडलेला आहे. माझे मत असे आहे की, राज्यव्यवस्था बदलल्यावर खेळाडूच्या हातातला एखादा अधिकार खरोखरच जाणार नसेल, तर बदलते ते फक्त व्यवस्थेचे नाव.

‘सिव्हिलायझेशन’ या गेममालिकेच्या १९९१ सालच्या पहिल्या भागाला हे उमगले होते. क्रांती जाहीर केली की काही टर्न (खेळातल्या पाळ्या) अराजक सोसावे लागे आणि तेवढा काळ संशोधन ठप्प होई. त्या अराजकाबद्दल पुष्कळ बोलले जाते, परंतु मला त्याहून मोलाचा वाटतो तो सिनेटचा, म्हणजे गेममधल्या प्रतिनिधिसभेचा, नियम. शत्रू तहाची बोलणी करायला आला आणि खेळाडूला लढाई चालू ठेवायची असली, तरी सिनेट परस्पर तह मान्य करू शकत असे. शिवाय लोकशाहीत एखाद्या शहरातली अशांतता वेळीच शमवली नाही, तर अख्खे सरकार कोसळत असे. १९९६ च्या दुसऱ्या भागातही सिनेट होती. २००१ च्या तिसऱ्या भागात तिची जागा जनतेच्या युद्धविषयक नाराजीने घेतली. ही नाराजी महागात पडू शकते हे खरे, पण युद्ध थांबवायचे की नाही हे पुन्हा एकट्या खेळाडूनेच ठरवायचे. मालिकेने तेव्हा एक धाडसी कल्पना गमावली, असे मला आजही वाटते.

चौथ्या भागाने, म्हणजे २००५ साली, एकसंध राज्यव्यवस्थेचे पाच विभाग केले: शासन, कायदा, श्रम, अर्थकारण आणि धर्म. त्यामुळे वंशपरंपरागत राजा आणि भाषणस्वातंत्र्य एकत्र नांदू शकत होते, तसेच सार्वत्रिक मताधिकार आणि गुलामगिरीही. इतिहासातल्या राजवटी अशाच सरमिसळ असतात, म्हणून ही मांडणी मला मनापासून आवडते. २०१६ च्या सहाव्या भागातली धोरणे पत्त्यांसारखी निवडून लावण्याची पद्धत खेळायला सुटसुटीत आहे, पण तिथे नवी राज्यव्यवस्था पहिल्यांदा स्वीकारताना अराजकही येत नाही. ते येते ते पूर्वी वापरलेल्या व्यवस्थेकडे परत फिरल्यावर. राजाला पदच्युत करणे इतके बिनखर्चाचे कधी होते?

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या गेममधले प्रजासत्ताक या बाबतीत कितीतरी सरस आहे. निवडून आलेला शासक कर्तबगार असला तर त्यालाच पुन्हा निवडण्याचा मोह होतो, कारण प्रत्येक फेरनिवडीबरोबर त्याचे गुण वाढतात. त्याच वेळी ‘प्रजासत्ताकाची परंपरा’ हा त्या व्यवस्थेचे बळ दाखवणारा आकडा घटत जातो आणि तो फार खालावला की हुकूमशाही दाराशी येते. प्रजासत्ताक आतून कसे पोखरले जाते, ते इथे एका आकड्यातून कळते. रोममध्ये इ. स. पू. २७ साली ऑक्टेव्हियनने ऑगस्टस ही पदवी घेतली, तेव्हा सिनेट आणि कॉन्सलची, म्हणजे प्रजासत्ताकातल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची, पदे शाबूत होती. निर्णय मात्र दुसरीकडेच होऊ लागले होते.

‘व्हिक्टोरिया ३’ने विरोधाला चेहरा दिला, हे तिचे मोठेपण. १८३६ ते १९३६ या काळात तिथे जमीनदार, उद्योगपती, बुद्धिजीवी, लष्कर, कामगार संघटना असे गट असतात. मताधिकार वाढवायचा तर ज्यांचे वर्चस्व जाणार ते अडून बसतात आणि प्रकरण यादवीपर्यंत पोहोचू शकते. तरीही कायदा संमत झाल्यावर करांचे प्रमाण ठरवण्याचा हक्क खेळाडूकडेच राहतो. संसद आली, पण तिने खेळाडूला अडवले नाही.

इंग्लंडचे उदाहरण घ्या. १६४९ साली पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि १६६० साली त्याचा मुलगा गादीवर परतला. एवढेच पाहिले तर वाटेल की, देश अकरा वर्षांनी पुन्हा जुन्याच जागी आला. पण १६८९ च्या अधिकारांच्या सनदेने संसदेच्या संमतीशिवाय कर बसवणे आणि शांततेच्या काळात खडे सैन्य ठेवणे बेकायदा ठरवले. तिजोरी आणि फौज या, खेळाडू कोणत्याही गेममध्ये सर्वांत घट्ट धरून ठेवतो त्या, दोन गोष्टी राजाच्या एकट्याच्या मर्जीतून निघाल्या.

नियंत्रण काढून घेतले तर खेळण्यातली मजा जाईल, हा आक्षेप मला मान्य नाही. इंग्लंडच्या राजसत्तेला या बदलाचा मोबदलाही मिळाला. १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली, आणि कर्जफेडीची हमी संसदेची असल्यामुळे सावकारांचा विश्वास वाढून युद्धासाठी पैसा उभा करणे सोपे झाले. गेममध्येही असाच सौदा हवा: करवाढीसाठी आणि नव्या पलटणींसाठी दरवेळी संसदेत बहुमत जमवावे लागेल, ते कधी मिळणार नाही, पण कर्ज मात्र कोणत्याही निरंकुश राजाला मिळेल त्याहून कमी व्याजाने मिळेल.