बातोंगा

मागच्या रविवारी आई मेथी निवडत बसली होती आणि मी मोबाईलवर 'दिल में छुपा के प्यार का तूफान ले चले' लावलं. 'आन'मधलं, रफीसाहेबांचं. आवाज मात्र त्यांचा नव्हता. आईचे हात थांबले. "ही कोण गं? आपल्याकडची वाटत नाही."

अँजेलिक किजो. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनची. १९५२ चा मुंबईचा सिनेमा, नौशादची चाल, आणि ती जाऊन पोचली थेट अटलांटिकच्या काठावरच्या एका पोरीच्या कानात! २०१० साली तिने 'ओयो' हा अल्बम काढला, लहानपणी ऐकलेल्या गाण्यांचा. त्यात जेम्स ब्राउन, ओटिस रेडिंग, अरिथा फ्रँकलिन अशा सोल या अमेरिकन संगीतप्रकारातल्या दिग्गजांची गाणी, आणि त्यांच्याच पंगतीला आपलं हे गाणं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने. कुणी गायक-गायिका समाजाबद्दल चार शब्द बोलली की लगेच ऐकवलं जातं, "तुम्ही आपलं गाणं गा, नसत्या उठाठेवी कशाला?" किजोबद्दल वाचत गेले तसं मला हे वाक्य सहनच होईना. तिचं गाणं कुठे संपतं आणि काम कुठे सुरू होतं, मला तरी दाखवता येणार नाही.

पंधरा वर्षांची असताना तिला दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद कळला. त्याविरुद्ध लढणाऱ्या विनी मंडेलांचं बोलणं ऐकून ती इतकी पेटली की सरळ सूड मागणारं गाणं लिहून बसली. वडिलांनी ते ऐकलं आणि पुन्हा लिहायला लावलं. राग समजतो, पण गाण्यात द्वेष नको, असं त्यांचं म्हणणं. तिने ते नव्याने लिहिलं. 'आझान नान क्पे', म्हणजे तो दिवस येईल. पंधराव्या वर्षी वडिलांचं ऐकून आपलंच गाणं खोडायचं आणि तरी गप्प बसायचं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

तेव्हा बेनिनमध्ये हुकूमशहा मॅथ्यू केरेकूची राजवट होती. कलाकारांनी सरकारची आरती ओवाळायची, एवढीच अपेक्षा. ते तिला जमेना. १९८३ मध्ये ती गुपचूप पॅरिसला निघून गेली. खरं तर मानवी हक्कांची वकील व्हायचं होतं, पण शेवटी गाण्याकडेच वळली. पुढे न्यूयॉर्क, संगीतातले पाच ग्रॅमी पुरस्कार, ते सगळं इंटरनेटवर सापडेल.

'बातोंगा'ची गोष्ट मात्र मला सांगायचीच आहे. लहानपणी ती शाळेत जायची ते अनेकांच्या डोळ्यांत खुपायचं. मुलीच्या जातीला शाळा कशाला, म्हणून चिडवायचे. तिने उत्तरादाखल एक शब्दच बनवला, बातोंगा. तो कुठल्याच भाषेत नाही. अर्थ तिचा तिने ठरवलेला: माझ्या वाटेतून बाजूला व्हा, मला हवं ते मी करणार. समोरच्याला काही कळायचं नाही आणि हिचं काम व्हायचं. १९९१ च्या 'लोगोझो' अल्बममध्ये त्याच शब्दाचं गाणं झालं. २००६ मध्ये आफ्रिकेतल्या मुलींसाठी संस्था उभी केली तेव्हा नाव शोधावं लागलंच नाही.

ही संस्था सुरू झाली ती मुलींच्या माध्यमिक शिक्षणासाठी. २००२ पासून किजो युनिसेफची सदिच्छादूत आहे, खेड्यापाड्यांतून फिरलेली आहे. प्राथमिक शाळेपर्यंत मुली येतात, गळतात त्या पुढे. शाळा लांब, फी परवडत नाही, घरात धाकटी भावंडं, नाहीतर लग्न.

हे आईला सांगत होते तेव्हा ती काहीच बोलली नाही. आई सातवी पास आहे. आठवीची शाळा नदीपलीकडच्या गावात होती, आणि पावसाळ्यात पोरीला एकटीला कसं पाठवायचं, एवढ्यावर तिचं शिक्षण संपलं. कुणी दुष्ट नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. फक्त नदी होती.

सेलिब्रिटींच्या समाजसेवेबद्दल माझ्याही मनात शंका असतात. कडेवर भुकेलं मूल, समोर कॅमेरा, दुसऱ्या दिवशी विमान. पण 'बातोंगा'चं काम पुढे शाळेबाहेरच्या मुलींपर्यंतही गेलं. शाळा सुटलेल्या, लवकर लग्न झालेल्या मुलींना हुडकून काढायचं, त्यांचे गट करायचे, पैशाचे व्यवहार शिकवायचे, आणि हे करणाऱ्या तिथल्याच तरुण बायका. यात फोटोला फारसं काही मिळत नाही.

गाणंही तिने असंच केलं. केनियात युनिसेफच्या कामासाठी गेली तेव्हा तिथल्या बायकांचं गाणं ऐकलं, आणि २०१४ च्या 'ईव्ह' अल्बममध्ये केनिया-बेनिनच्या बायकांचे आवाज तिच्या आवाजाशेजारी आले. त्याला ग्रॅमी मिळालं तेव्हा तिने ते आफ्रिकेतल्या स्त्रियांना अर्पण केलं. हिला म्हणायचं का, की तू नुसतं गा?

मेथी निवडून झाली तशी आई म्हणाली, "ते दुसरं लाव. तिच्या शब्दाचं." लावलं. आईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी ओट्याशी उभं राहून पूर्ण ऐकलं, आणि मग विचारलं, "म्हणताना कसं म्हणायचं गं ते?"

मी म्हटलं, बातोंगा.

"बातोंगा," आई म्हणाली, आणि नळ सोडून मेथी धुवायला लागली.