पॉइंट काढल्याने बुलेटची ताकद वाढत नाही

कास्ट आयर्न इंजिनाची जुनी 350 बुलेट ज्याच्या दारात आहे, त्याला हा सल्ला कुणी ना कुणी दिलेलाच असतो: "पॉइंट-कंडेन्सर काढून टाक, इलेक्ट्रॉनिक किट बसव. पिकअप वाढेल, मायलेज वाढेल, एका किकमध्ये सुरू होईल आणि टायमिंगला पुन्हा हात लावावा लागणार नाही." पॉइंट म्हणजे कॉइलचा (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीचा) करंट तोडून ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच, कंडेन्सर त्याच्या टोकांवरचा चटका शोषतो, आणि टायमिंग म्हणजे ठिणगी पडण्याची नेमकी वेळ. किट पॉइंटचंच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करतं. किटशी माझं भांडण नाही. कंपनीने स्वतःच पुढच्या मॉडेलांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं. पण ही चार आश्वासनं जशीच्या तशी खरी मानून लोक धडधाकट पॉइंट-प्लेटी भंगारात टाकतात, आणि गाडीचं मूळ दुखणं तसंच राहतं. म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

पहिला, पिकअपचा. ठिणगीचं काम मिश्रण वेळेवर पेटवायचं, एवढंच. ते पेटलं की पुढचा जोर पेट्रोल आणि हवेचा. ठिणगी जाड झाली म्हणून पेट्रोलमधली ऊर्जा वाढत नाही. "जास्त आरपीएमला पॉइंट उडतात (उसळून नीट मिटत नाहीत), म्हणून ताकद जाते" हे वाक्य मोटारींच्या दुनियेतून आलंय. चार सिलिंडरच्या मोटारीत 5500 आरपीएमला पॉइंट मिनिटाला 11,000 वेळा उघडतात. बुलेटला एकच सिलिंडर, आणि दोन फेऱ्यांना एक ठिणगी. त्याच वेगाला तिचे पॉइंट उघडतात 2750 वेळा. एवढ्याने चांगल्या स्प्रिंगचा पॉइंट उडत नाही.

मायलेजच्या दाव्याला मात्र अनुभवाचा आधार असतो, म्हणून तो जास्त फसवतो. किट बसवलं त्या दिवशी मिस्त्रीने प्लग नवा टाकलेला असतो, कार्बोरेटर धुतलेला असतो आणि टायमिंग मुळापासून बांधलेलं असतं. त्याआधी काय चालू होतं? कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) घासणारं पॉइंटचं फायबर झिजत होतं. फायबर झिजलं की गॅप (उघडलेल्या पॉइंटच्या टोकांमधलं अंतर) कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो, ठिणगी उशिरा पडते. इंजिन तापतं, चढाला दम तोडतं, पेट्रोल जास्त पितं. हे दुखणं जुन्या पॉइंटवरही फुकटात जातं. गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवायचा. मग प्लग काढून, कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन अगदी वर येण्याआधी 0.8 मिलिमीटरवर थांबवायचा. पॉइंटच्या दोन टोकांत सिगारेटचा पातळ कागद धरायचा आणि डिस्ट्रिब्युटर (पॉइंट ज्यात बसतात तो डबा) हळूहळू फिरवायचा. कागद ज्या क्षणी अलगद सुटतो, तिथे पॉइंट उघडला. तिथेच स्क्रू आवळायचा. मग कॅमवर ग्रीसचा अगदी पुसटसा हात, म्हणजे फायबर कोरडं घासत नाही. एवढं केल्यावर आणि किट बसवल्यावर मायलेज मोजून पाहा, फरक शोधावा लागेल.

एका किकचा दावा अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग मोकळेपणाने मान्य करायला हवा. किक मारताना शाफ्ट सावकाश फिरतो, पॉइंटही सावकाश उघडतो, आणि कॉइलच्या करंटचा थोडा भाग तिथेच चटका देऊन वाया जातो. कंडेन्सर मेलेला असेल तर जास्तच. किटमधला ट्रान्झिस्टर हा करंट एका झटक्यात तोडतो, त्यामुळे गार इंजिनाला चांगली ठिणगी मिळते. पण त्यासाठी बॅटरी ठणठणीत लागते. पडत आलेल्या बॅटरीवरही पॉइंटची बुलेट चार किका खाऊन सुरू होते. किटच्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला ठरावीक व्होल्टेज मिळालं नाही तर ते गप्प बसतं, किंवा काही किटमध्ये भलत्याच वेळी ठिणगी टाकतं. मग किक उलटी मारते. बुलेटची उलटी किक काय असते, ते नडगीला विचारा.

शिवाय पॉइंटच्या गाडीत हेडलाइटवरचा अॅम्पिअर मीटर फुकटचा डॉक्टर असतो. चावी लावून किक हळूहळू दाबली की पॉइंट मिटताना काटा मायनसकडे झुकतो आणि उघडताना मधोमध येतो. काटा हललाच नाही, तर पॉइंट काळे पडलेत किंवा करंटच येत नाही, हे टूलबॉक्स उघडण्याआधी कळतं. थांबलेल्या इंजिनात कॉइलचा करंट आपोआप तोडणाऱ्या किटवर हा इशारा मिळत नाही.

आता सगळ्यात महागात पडणारा दावा: "पुन्हा हात लावायला नको." याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. 1970च्या दशकात अमेरिकेत मोटारींमधून पॉइंट हटले, त्यामागे धुराचे कायदे हे मोठं कारण होतं. टायमिंग हजारो मैल जागचं हलता कामा नये, आणि झिजणाऱ्या फायबरकडून ते होणं नव्हतं. इलेक्ट्रॉनिकचा खरा फायदा हा: स्थिरपणा. पण नुसती पॉइंटची प्लेट बदलणारं किट बसतं त्याच जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, त्याच शाफ्टवर. बुश (शाफ्टला धरणारी नळी) झिजलेला असेल तर शाफ्ट डुलतो, सेन्सरपासूनचं अंतर बदलतं आणि टायमिंग पुन्हा भटकतं. अॅडव्हान्सच्या (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा ढिल्या किंवा वजनं गंजून अडकलेली असतील, तर किटला त्याचा पत्ताही नसतो. झाकण काढून कॅम दोन बोटांत धरा आणि आडवा हलवा. खटखट जाणवली, तर किटचे पैसे आधी बुशवर खर्च करा. मग कॅम फिरवून सोडा. तो आपणहून मागे आला पाहिजे.

बिघडायची तऱ्हाही वेगळी आहे. पॉइंट आधी मिसिंग करून, खोकून सांगतो, आणि रस्त्याकडेला पॉलिश पेपरने घासून घरी पोचवतो. मॉड्यूल बहुधा न सांगता जातं. बॅटरीच्या वायरी उलट लागल्या, बॅटरी न सोडवता कॅरिअरला वेल्डिंग मारलं, किंवा कमी ओहमची कॉइल जोडली, तर तेही पुरतं. प्लगला रेझिस्टरची कॅप नसेल तर ठिणगीचा गोंगाटच काही मॉड्यूलना गोंधळात टाकतो.

रोज कामाला बुलेट नेणाऱ्याने किट जरूर बसवावं, पण आधी बुश, स्प्रिंगा, बॅटरी आणि चार्जिंग ठीक करून. काढलेली प्लेट कंडेन्सरसकट टूलबॉक्समध्ये ठेवावी, आणि काढण्याआधी तिच्या जागेवर टोच्याने खूण करावी, म्हणजे घाटात अडकल्यावर ती टायमिंग न शोधता परत बसवता येते.