रिव्हॉल्व्हर अडकतं, आणि अडकलं की जागेवर सुटत नाही

नाशिककडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर जोरात फिरतोय: ‘पिस्तूल अडकतं, रिव्हॉल्व्हर कधीच नाही. पोलिसांनी पुन्हा .38 घ्यावं आणि मळ्यात राहणाऱ्यांनी बिबट्यासाठी .357 मॅग्नम.’ यावर कुणी पैसे घालण्याआधी एकेक मुद्दा पाहू.

‘कधीच अडकत नाही.’ काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं, एवढं खरं. पण बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरमधून (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागातून) रिकाम्या केस, म्हणजे काडतुसांची पितळी कवचं, काढताना नळी जमिनीकडे असेल, तर न जळलेल्या बारुदाचे कण एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली जातात. चांदणी जेमतेम वर राहते, तेवढ्यानेही काडतुसांची बुडं मागे घासतात. सिलिंडर बंद होत नाही, किंवा चाप इतका जड होतो की नेम हलतो. म्हणून नळी आभाळाकडे, इजेक्टर रॉडवर (केस बाहेर ढकलणाऱ्या दांडीवर) तळहाताचा एकच जोरदार फटका. साफसफाईत चांदणीखाली कोरडा टूथब्रश फिरवावा. तिथे तेल सोडलं की कण चिकटून बसतात. इजेक्टर रॉडचे आटे सैल झाले तर रॉड पुढे सरकतो आणि सिलिंडर उघडतच नाही. वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरसारखं मधून मोडून उघडणारं हत्यार हळू उघडलं, तर एखादी केस चांदणीखाली घसरते. वजनाने हलक्या हत्यारात जोरदार काडतूस वापरलं की धक्क्याने उरलेल्या गोळ्या केसमधून पुढे येतात आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. पिस्तुलातला नेहमीचा अडथळा मॅगझिनला (काडतुसांच्या पेटीला) थाप मारून, स्लाइड (वरचा सरकता भाग) खेचून तिथल्या तिथे सुटतो. रिव्हॉल्व्हरमधले बरेच मात्र आर्मररच्या (हत्यार दुरुस्त करणाऱ्याच्या) टेबलावर जातात.

‘पोलिसांना सहा गोळ्या पुरतात.’ देशी 9 मिमी 1ए पिस्तुलात 13 मावतात आणि मॅगझिन बदलणं अंधारातही जमतं. चकमकीत एकेक काडतूस भोकात घालायला बोटं स्थिर लागतात, आणि नेमकी तीच त्या वेळी थरथरतात.

‘.38 म्हणजे .38.’ ही चूक महागात पडेल. जुन्या वेब्लीचं .380 काडतूस सुमारे 19.7 मिमी लांब केसचं आणि अंगाने जाड; .38 स्पेशलची केस 29.3 मिमी लांब आणि बारीक. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. शिवाय .380, .455, सर्व्हिस 9 मिमी आणि .45 यांची हत्यारं प्रतिबंधित बोअरची (नळीच्या व्यासाची), साध्या परवान्यावर मिळत नाहीत.

मग सामान्य परवानाधारकाच्या हाती मुख्यतः .32 बोअरचं हत्यार उरतं. कानपूरची रिव्हॉल्व्हरं: ‘निर्भीक’ (2014) साधारण 500 ग्रॅम, ‘प्रबल’ (2023) सुमारे 675 ग्रॅम, 76 मिमी नळी, सिलिंडर बाजूला उघडणारा. आमचा कौल प्रबलला: जास्त वजन म्हणजे कमी झटका, म्हणजे दुसरी गोळी नेमक्या जागी.

‘बिबट्यासाठी .357.’ कागदावर .32 ची ऊर्जा दीडशे जूलच्या आसपास, .357 ची सातशेच्या. पण सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. जुनी फिरतात ती अफाट भावाने. आणि निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्या दिसतो तो काही हातांवर, तेही रात्री. घाईची गोळी पोटात किंवा पायात लागते आणि जखमी जनावर माणसावर येतं. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कलम 11(2) चं संरक्षण खऱ्या स्वसंरक्षणापुरतं, पिकाच्या राखणीला नाही. रात्रीच्या पाळीने पाणी द्यायला एकटं जाऊ नका, हातात बॅटरी असू द्या, मोठ्याने बोलत चला, मुलांना उसाकडेला वाकून बसू देऊ नका. बिबट्या दिसला की वनविभागाचा 1926.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात कातडी होल्स्टरच्या (हत्याराच्या म्यानाच्या) पट्ट्यात काडतुसं ठेवू नका. कातड्यातल्या टॅनिनने पितळेवर हिरवा थर चढतो आणि केस चेंबरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) रुतते. काडतुसं कोरड्या डबीत ठेवा, हत्यार घरी आल्यावर होल्स्टरमधून बाहेर काढा, रिकामं करा, पुसा आणि कुलपात ठेवा.