पैसे भरूनही ब्लॅकआउटच

स्ट्रीमिंगमुळे अमेरिकेत परगावच्या संघाचे सामने बघणं सोपं झालं, असं पॅकेजच्या किमतींवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय. सोपं कसलं डोंबलाचं! एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग; परगावच्या संघांचे रविवारचे सामने दाखवणारं तिचं पॅकेज ‘संडे तिकीट’ 1994 पासून 2022च्या हंगामापर्यंत फक्त डायरेक्टीव्ही या डिश टीव्ही कंपनीकडे. डॅलसमध्ये राहून दूरच्या ग्रीन बे पॅकर्स संघाचा प्रत्येक सामना बघायचा, तर छपरावर बहुतेक त्यांचीच डिश. 2023 पासून तेच यूट्यूबकडे गेलं. मालक बदलला, कुलूप तेच. या मक्तेदारीवरच्या खटल्यात जून 2024 मध्ये ज्युरीने एनएफएलविरुद्ध, ग्राहकांच्या बाजूने 4.7 अब्ज डॉलरचा कौल दिला, ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो रद्दही केला.

बेसबॉलची तर तऱ्हाच न्यारी. आयोवा राज्यात मेजर लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या मुख्य लीगचा, एकही संघ नाही, तरी आजूबाजूचे सहा संघ तिथे ‘स्थानिक’! म्हणजे एमएलबी टीव्ही या लीगच्या स्ट्रीमिंग सेवेचे पैसे भरा, त्या सहांपैकी शिकागो कब्सचा सामना लावा आणि पडद्यावर वाचा: तुमच्या भागात उपलब्ध नाही. हाच तो ब्लॅकआउट. कब्सचं मैदान तिथून गाडीने कित्येक तासांवर. स्थानिक वाहिनीचे हक्क जपायला हे सगळं, आणि ती वाहिनी तुमच्या केबलवर असेलच असंही नाही. वर्षानुवर्षं हेच चाललं. लेखात पॅकेजच्या किमती आहेत, ब्लॅकआउटबद्दल मात्र चकार शब्द नाही.