‘हात पुढे केलाय, तर धरा की’ म्हणणाऱ्यांना

कुठेही युद्ध पेटलं आणि हल्ला करणाऱ्याने शांततेचा प्रस्ताव मांडला, की एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: ‘समोरच्याने हात पुढे केलाय, म्हणजे त्याला युद्ध नकोय. स्वीकारून पाहायला काय जातं? मोडला करार तर पुन्हा लढता येईलच. जो नाकारेल, पुढच्या प्रत्येक मृत्यूचं पाप त्याच्या माथी. शेवटी प्रत्येक युद्ध टेबलावरच संपतं ना?’ पाठवणाऱ्यांना माणसं मरायला नको आहेत, हे मला दिसतं. मलाही नको आहेत. म्हणूनच यातलं एकेक वाक्य तपासून पाहावंसं वाटलं.

‘हात पुढे केला म्हणजे युद्ध नको.’ पोलंड गिळून झाल्यावर ६ ऑक्टोबर १९३९ रोजी हिटलरने जर्मन संसदेत शांततेचं भाषण केलं. ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी नकार दिला तो १२ तारखेला. पण पश्चिमेकडे स्वारीची तयारी करण्याचा हिटलरचा लेखी हुकूम ९ तारखेचा आहे. उत्तराची वाटही पाहिली नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा तेच: १६ जुलैला ब्रिटनवर फौजा उतरवण्याच्या तयारीचा हुकूम आणि १९ जुलैला त्याच ब्रिटनला शहाणपणाने वागण्याचं जाहीर आवाहन. युद्ध नको असणं वेगळं आणि बळकावलेलं न लढता पचवायचं असणं वेगळं.

‘स्वीकारून पाहायला काय जातं?’ मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते निरुपद्रवी दिसतं. जातं, आणि जे जातं ते सहसा परत मिळत नाही. ३० सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक करारात चेकोस्लोव्हाकियाला बैठकीत बसूही न देता त्याचा सुडेटनलँड जर्मनीला देऊन टाकला गेला. नकाशावर ती एक डोंगराळ पट्टी दिसते. पण चेक लोकांनी त्या सरहद्दीवर काही वर्षं खपून काँक्रीटचे बंकर बांधले होते, तोफांच्या जागा केल्या होत्या, त्या याच पट्टीत. एकही गोळी न झाडता त्यातलं बहुतेक सगळं जर्मनांच्या हाती आलं. साडेपाच महिन्यांनी, १५ मार्च १९३९ रोजी, जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या तेव्हा त्यांना अडवायचं कुठे, हा प्रश्नच उरला नव्हता. चेक कारखान्यांत बनलेले रणगाडे नंतर पोलंड आणि फ्रान्सवर चालून गेले. ‘पुन्हा लढता येईलच’ म्हणणाऱ्यांनी त्या रिकाम्या बंकरांचा विचार करावा.

कधी जमीन करारानंतरच्या आठवडाभरातच जाते. युक्रेनच्या पूर्व भागासाठी मिन्स्कमध्ये दुसरा करार झाला १२ फेब्रुवारी २०१५ रोजी. तोफा थांबायच्या होत्या १५ तारखेपासून. देबाल्त्सेवे हे रेल्वेचं जंक्शन तेव्हा युक्रेनकडे होतं. रशियाचं पाठबळ असलेल्या फौजांनी तिथली लढाई थांबवली नाही आणि १८ तारखेला युक्रेनच्या सैन्याला ते सोडून निघावं लागलं. करारावरची शाई वाळलीही नव्हती.

‘नाकारणाराच जबाबदार.’ यावर माझं म्हणणं एवढंच, की आधी कलमं वाचा. १४ जून २०२४ रोजी पुतिन यांनी मांडलेल्या प्रस्तावात युक्रेनने चार प्रांतांतून संपूर्ण माघार घ्यावी आणि नाटोत जाण्याचा विचार सोडावा, अशी अट होती. त्या प्रांतांत झापोरिझ्झिया आणि खेरसन ही शहरंही आली. दोन्ही त्या दिवशी युक्रेनच्याच ताब्यात होती. एकट्या झापोरिझ्झियात युद्धापूर्वी सात लाखांच्या आसपास वस्ती होती. रशियाला जे लढून घेता आलं नव्हतं, ते सहीने मागितलं जात होतं. याला नकार देणाऱ्याच्या माथी मृत्यू मारायचे, तर मग ज्याने सीमा ओलांडली त्याचं काय? त्याला तर थांबायला कुणाची सही लागत नाही.

पण आक्रमकाचा प्रत्येक प्रस्ताव फेटाळावा, असं मी म्हणत नाही. तेही खोटं ठरलं आहे आणि त्याची किंमत भयानक होती. सप्टेंबर १९८० मध्ये इराकच्या सद्दाम हुसेनने इराणवर हल्ला केला. मे १९८२ मध्ये इराणने आपलं खोर्रमशहर हे शहर परत घेतलं. जूनमध्ये सद्दामने माघार जाहीर केली आणि बहुतेक फौजा खरोखरच मागे घेतल्या. इराणने युद्धबंदी नाकारली आणि जुलैमध्ये इराकमधल्या बसऱ्याच्या दिशेने स्वतः सीमा ओलांडली. युद्ध आणखी सहा वर्षं चाललं, विषारी वायू वापरला गेला, आणि १९८८ मध्ये थांबलं तेव्हा दोन्ही देश जवळपास जुन्याच सीमेवर उभे होते. सद्दामच्या शब्दावर विश्वास ठेवण्यासारखं काही नव्हतं. पण त्याचं सैन्य परत चाललं होतं, आणि ते डोळ्यांना दिसत होतं.

राहिलं ते ‘शेवटी टेबलावरच संपतं’. बहुतेकदा संपतं, खरं आहे. कोरियात बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली आणि शस्त्रसंधीवर सह्या व्हायला २७ जुलै १९५३ उजाडला. बराच काळ एकाच प्रश्नावर अडलं: मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचं काय करायचं? कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता, तेव्हा विश्वास लागणारच नाही अशी व्यवस्था केली गेली. दोन्ही सैन्यांनी ताबारेषेपासून प्रत्येकी दोन किलोमीटर मागे सरायचं. आणि त्या २२ हजारांहून अधिक कैद्यांची राखण करायला तिसऱ्याच देशाचं, म्हणजे भारताचं, सैन्य आलं. त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. एकेका कैद्याला तंबूत आणायचे, त्याच्या मायदेशाचा प्रतिनिधी त्याला परत चल म्हणून समजावायचा, आणि तटस्थ देशांचे लोक शेजारी बसून ऐकायचे. तंबूला बाहेर पडायला दोन दारं होती. एक मायदेशाकडे जाणारं, एक न जाणारं. कुठल्या दाराने जायचं, ते कैदी ठरवायचा.