दोन डोक्यांचा रेनकोट

सकाळी सकाळी एका ग्रुपवर फोटो आला. ओळखीतल्या एकांची लेक दोन आठवडे परदेशात 'सेवा' करून आली. कडेवर तिथलं एक पोर आणि खाली, "यांच्याकडे काहीच नाही, तरी किती आनंदी!" त्यावर अंगठ्यांचा पाऊस. चहा गार झाला माझा.

काहीच नाही म्हणजे काय गं बाई?

२०१८च्या ऑक्टोबरात मीही गेले होते. व्हिएतनाम, दा नांग, सहा आठवडे इंग्रजी शिकवायला. पोरं मला 'को' म्हणायची. को म्हणजे शाळेतल्या बाई आणि को म्हणजे आत्याही. जिच्या घरी राहिले तिला मी 'ची' म्हणायचे, म्हणजे ताई. एका रविवारी ताई आणि भावजी म्हणाले, चल, हाय वान घाट दाखवतो. मी पुण्याची, जन्म गेला गाडीवर. म्हटलं, मलाही एक गाडी द्या. ताईने मला एकदा न्याहाळलं आणि स्वतःच्या मागच्या सीटवर थाप मारली. विषय संपला.

तिचा अवतार बघायचा होतात! उन्हासाठी अंगभर जॅकेट, हातमोजे, तोंडाला फडकं, दिसतायत फक्त डोळे. थेट एफसी रोड.

घाट एकवीसेक किलोमीटरचा. २००५ साली डोंगरातून बोगदा झाला, पण त्यातून दुचाकी न्यायची नाही. त्यामुळे वर बरेचसे दुचाकीवाले आणि पेट्रोलचे टँकर. अर्ध्या वाटेत पावसाने गाठलं. ताईने सीटखालून रेनकोट काढला, तर त्याला दोन टोप्या! एक तिची, एक माझी. पुढे हेडलाइटवर येतो तेवढाच तुकडा पारदर्शक, उजेड अडू नये म्हणून. माझी हनुवटी तिच्या पाठीला, समोरचं शष्प दिसत नाही, वळणावर टँकर आला की तिचा एक हात मागे येऊन माझा गुडघा चाचपून जायचा. आहे ना अजून, एवढंच बघायला. खाली लांग को नावाच्या गावात जेवलो. मी पैसे काढले तर ताईने असे डोळे वटारले की मुकाट्याने ठेवले.

कोण कुणाची सेवा करत होतं, सांगा.

आणि शिकवलं काय मी? रेड, ब्लू, ग्रीन. शेवटच्या आठवड्यात कळलं, माझ्या आधीच्यानेही हेच शिकवलं होतं, त्याच्या आधीचीनेही. पोरांना सगळं येत होतं. माझं मन मोडू नये म्हणून पुन्हा म्हणून दाखवत होती. बरं, ठीक आहे, जिथे खरंच शिक्षक नाहीत तिथे कुणी गेलं तर उपयोग होतो, नाही म्हणत नाही. पण मग तिथे दोन वर्षं राहा की! पंधरा दिवसांत फक्त फोटो होतात.

ही पोस्ट इथवर लिहून झाल्यावर माझीच जुनी भिंत चाळली. आहे. माझाही आहे तसा फोटो, कडेवर पोर घेऊन. आणि खाली काय लिहिलंय ते इथे सांगायची माझी छाती नाही. त्या मुलीवर उगाच घसरले सकाळी. तिशीच्या आतली आहे ती, मी तर तेव्हा चव्वेचाळीसची होते.

घाटातला मात्र एकही फोटो नाही. फोन सीटखाली होता.

असो. आपल्याकडे तसला दोन टोप्यांचा रेनकोट कुठे मिळतो का? लक्ष्मी रोड पालथा घातला, दुकानदार हसतात.